न खाल्लेल्या करवंदाचा त्याग

ज्या फळाची चव मला ठाऊक नाही, ते फळ सोडल्याबद्दल एका उन्हाळ्यात अख्खं गाव माझ्या पाया पडत होतं. पाया पडणाऱ्यांत माझे होऊ घातलेले सासरेही होते, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

मी मूळचा निपाणीकडचा. काळी जमीन, तंबाखूची शेतं आणि तंबाखूच्या दिवसांत प्रत्येक घरातून ऐकू येणाऱ्या शिंका, हा आमचा मुलूख. आमचं घर जैन शेतकऱ्याचं. सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी फडक्यातून गाळून, कांदा-लसूण-बटाटा उंबऱ्याच्या बाहेर. या गोष्टींचा मला कधी जाच झाला नाही, कारण शेजारीपाजारी सगळेच तसे होते. सगळ्यांनी मिळून पाळायचं म्हटलं की काहीच जड जात नाही.

मी एकोणीस वर्षांचा असताना आमच्या गावच्या बस्तीत (आमच्याकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात) एक मुनिमहाराज चातुर्मासाला राहिले होते. चातुर्मास संपताना ज्यानं त्यानं त्यांच्यापुढं जाऊन एखादी खायची वस्तू सोडायची, म्हणजे नेम घ्यायचा, अशी रीत. रांग लागली. आमच्या आप्पांनी गाजर सोडलं. (जमिनीखालचं काहीच आम्ही खात नाही. आमच्या घरात गाजर आप्पांच्या आजोबांच्या काळापासून शिरलेलं नव्हतं.) तरी आप्पा रांगेतून परतले ते छाती पुढं काढून. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, मात्र वर्षभरासाठी गूळ सोडला. तिचा गुळावर फार जीव होता. ती घरी येऊन कुणाला काही बोलली नाही.

माझी पाळी जवळ येईल तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. आंबा सोडावा तर वैशाखात जगायचं कशावर? पेरू सोडावा तर मळ्यात दोन झाडं, येता-जाता डोळ्यांपुढं. ऊस सोडला तर गुऱ्हाळावर जाऊन काय नुसती चिमणी बघायची? पुढं तीन माणसं उरली असताना मला करवंद आठवलं. लहानपणी एकदा निपाणीच्या बाजारात डोंगराकडची एक बाई पानांच्या द्रोणांत काळीभोर करवंदं घेऊन बसली होती. मी हात पुढं केला, तर अव्वानं तो तिथंच धरला. चीक असतो, घसा धरतो, म्हणाली. त्यानंतर बारा वर्षांत करवंदाची आणि माझी गाठ पडली नव्हती, आणि पुढंही पडायचं काही कारण दिसत नव्हतं.

महाराजांनी विचारलं, काय सोडतोस? मी म्हणालो, करवंद. किती दिवस? आता फुकटचं दान करताना हात आखडता कशाला घ्यायचा! जन्मभर, असं मी ठणकावून सांगितलं. महाराजांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि "सांभाळ" एवढंच म्हणाले. माझा त्याग बघून त्यांना भरून आलं असावं, अशी माझी समजूत झाली.

त्यानंतर दीडेक वर्षानं मला मास्तरकीची नेमणूक मिळाली. बेळगाव सोडलं की मच्छे लागतं, मच्छ्याच्या पुढं खानापूरच्या वाटेला फुटून डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे, तिथल्या शाळेत. (गावाचं नाव सांगत नाही. मी अजून तिथंच राहतो आणि पुढंही राहायचा विचार आहे.) मी पोचलो तेव्हा माघ संपत आला होता. राहायला गंगाक्काचा सोपा, म्हणजे घराची पुढची ओसरी, मिळाला. गंगाक्का पन्नाशीची विधवा बाई. एक म्हैस, चार शेरडं आणि शिवारापलीकडं ऐकू जाईल असा आवाज, एवढा तिचा बारदाना. मनानं मात्र लोणी.

गावात माझ्याशिवाय दुसरं जैन घर नव्हतं. याचा अर्थ काय, ते मला चार दिवसांत कळलं. गावात माणसं जोडली जातात ती ताटावर. गंगाक्कानं पहिल्या दिवशी भाकरी आणि कांद्याचं कोरड्यास आणलं, ते मी परत केलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांनी बटाट्याची भाजी पाठवली, तीही परत. तिसऱ्या दिवशी जत्रेचं जेवण होतं, पण पंगत बसली दिवेलागणीनंतर. मी दिवसाउजेडी एकटाच जेवून घेतलेला आणि सगळं गाव जेवत असताना मी पोट भरून दारात बसलेला. मी पाणी गाळतो ते बघायला सुरुवातीला पोरं यायची. आठ दिवसांत त्यांनाही त्यातली गंमत संपल्याचं कळलं.

मला करमत नव्हतं. घरी पत्रात मी "येथील हवा उत्तम आहे" असं लिहायचो, कारण दुसरं लिहिण्यासारखं काही नव्हतं.

हवा मात्र खरंच उत्तम होती. रोज सकाळी डोंगरावरून असा काही वास उतरायचा, की फळ्यावर लिहिता लिहिता माझा खडू थांबायचा. संध्याकाळी मी एकटाच डोंगरापर्यंत फिरायला जायचो. तिथं काटेरी झुडपांच्या जाळ्याच्या जाळ्या पांढऱ्या चांदणीएवढ्या फुलांनी भरल्या होत्या. त्या फुलांशी माझी दोस्ती जमली. त्यांना माझ्याकडून कांदा खाण्याची अपेक्षा नव्हती. मी एक फांदी तोडून आणली, हात रक्ताळून घेतले आणि ती लोट्यात घालून सोप्यात ठेवली. पंधरा दिवस मी त्या वासावर काढले.

मग एकदा गंगाक्का केर काढायला आली आणि लोट्याकडं बघत उभी राहिली.

"मास्तर, करवंदीचं काटं घरात कशापायी आणलासा?"

"कशाचं?" मी विचारलं.

"करवंदीचं. सगळा डोंगर त्येचाच हाय की. वैशाखात बगा, काळा हुतोय नुसता."

मी खाली बसलो. निपाणीपासून इथवर इतकी गावं टाकून मी नेमका करवंदाच्या राजधानीत येऊन पडलो होतो! थोड्या वेळानं सावरलो. नेम फळाचा आहे, फुलाचा नाही, असा निवाडा मी स्वतःच स्वतःला दिला आणि फांदी लोट्यात तशीच राहू दिली.

चैत्रात आप्पांचं पत्र आलं. काकतीजवळचे तवनाप्पा म्हणून एक खातेपिते शेतकरी, आपल्यातलेच. त्यांची मुलगी सांगून आली आहे, नाव पद्मा. ते कधीतरी तुझ्या गावी येऊन गुपचूप चौकशी करतील, तेव्हा सुट्टीत इकडं येऊ नकोस; तिथंच राहा आणि नीट वाग. नीट वागण्यापलीकडं मला त्या गावात दुसरा उद्योगच नव्हता. पण त्या पत्रानं माझ्या जिवाला केवढा आधार दिला, ते कसं सांगू! मुलगी मी पाहिलेली नव्हती, नुसतं नाव ठाऊक होतं. एकट्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं. मी बेळगावला जाऊन दुसरं ताट विकत आणलं. जेवताना ते समोर मांडायचो आणि पद्मेशी बोलायचो. आज आमटी जरा पातळच झाली, नाही? उद्या चिंच कमी घालू. (पलीकडून तक्रार कधी आली नाही.)

वैशाख लागला आणि डोंगर खरंच काळा झाला. गावात जणू सण आला. सकाळी उठून बायका, पोरं, म्हातारी, सगळी पाट्या घेऊन डोंगराला. पहिल्याच दिवशी गंगाक्का दुपारची पळसाच्या पानांचा द्रोण घेऊन माझ्यापुढं आली. तिचा चेहरा इतका खुलला होता, की मला आधीच अपराध्यासारखं वाटायला लागलं.

"ह्ये तरी खातासा का न्हाय? ह्येला न कांदा, न लसूण. न चूल, न पाणी. नुसतं देवाचं."

तिचं खरं होतं. सगळ्या गावातून मी घेऊ शकेन अशी एकच वस्तू होती आणि ती माझ्यासाठी तिनं काट्यांत हात घालून आणली होती. मी मान खाली घातली आणि सांगितलं, की माझा नेम आहे. मी करवंद जन्मभरासाठी सोडलंय.

गंगाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं द्रोण पदराखाली झाकला. तिची सासू काशीला जाऊन आली होती आणि तिथं गंगेवर आंबा सोडून आली होती. काशीला जाऊन जिवापाड आवडीची वस्तू सोडायची, अशी त्यांच्यातली रीत. सासू त्यानंतर वीस वर्षं जगली आणि दर उन्हाळ्यात परसातल्या आंब्याकडं पाठ करून बसायची, असं गंगाक्कानं मला सांगितलं.

"ज्याच्यावर जीव आसतोय त्येच सोडायचं आसतंय," ती म्हणाली. "तुमचा करवंदावर एवढा जीव हुता व्हय, मास्तर?"

मी तोंड उघडलं. खरं सांगणार होतो, अव्वाची शपथ! पण तीन महिन्यांत माझ्याकडं इतक्या मायेनं कुणी पाहिलं नव्हतं. मी उघडलेलं तोंड मिटलं आणि हळूच मान हलवली. सगळ्या अनर्थाचं मूळ ती मान.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. (गंगाक्काचा आवाज मी वर सांगितलाच आहे.) मास्तरांनी एवढ्या कोवळ्या वयात जिवाची वस्तू सोडली! आणि मग गावानं आपापसांत ठरवलं, की मास्तरांच्या नेमाला आपण जपायचं. त्यांच्या नजरेस करवंद पडू द्यायचं नाही.

त्यानंतर माझे जे हाल झाले, ते वैऱ्याचेही होऊ नयेत. मी रस्त्याच्या या टोकाला दिसलो की त्या टोकाच्या बायका पाटी पदराखाली घेऊन वळायच्या. पोरं माझ्या दारावरून जाताना हाताच्या मुठीनं तोंड पुसायची आणि जांभळ्या जिभा दिसू नयेत म्हणून मुकी व्हायची. एक म्हातारा समोरून येत होता, त्यानं घाईनं द्रोण मुंडाशात कोंबला आणि माझ्याशी पावसापाण्याचं बोलत उभा राहिला. बोलता बोलता त्याच्या कपाळावरून लाल रस नाकापर्यंत उतरला. त्याला वाटलं मला दिसत नाही, आणि मीही दिसत नसल्याचं दाखवलं. शेवटी तो नाक पुसून निघून गेला आणि पुन्हा कधी त्या वाटेनं आला नाही.

सगळं गाव सकाळपासून डोंगरावर. वरून हसण्याचे, हाका मारण्याचे आवाज यायचे. पोरांचा एक खेळ असतो: करवंद हातात धरायचं आणि विचारायचं, कोंबडा का कोंबडी? मग दातानं फोडून बघायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. "कोंबडा! कोंबडा!" असा गलका खाली मला ऐकू यायचा. शाळेला सुट्टी होती. गावात मी आणि म्हैस.

म्हशीवरून आठवलं. गंगाक्काची म्हैस दोन दिवस पान्हा सोडेना. गंगाक्का माझ्याकडं आली आणि म्हणाली, मास्तर, तुम्ही नेमाधर्माचं माणूस, जरा पाठीवरून हात फिरवा. मला म्हशीची भीती वाटते. मी लांबूनच शेपटीकडच्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि मागं सरलो. आता माझं नशीब बघा, त्या संध्याकाळी म्हशीनं चरवीभर दूध दिलं! (त्याच दुपारी रेडकू दावं तोडून तिच्याजवळ गेलं होतं. ते कुणी लक्षात घेतलं नाही.) दुसऱ्या दिवसापासून लोक येता-जाता माझ्या पाया पडायला लागले. पूर्वी कुणी टाळत नव्हतं एवढं आता मला टाळायला लागले. पाया पडायचं आणि मुकाट्यानं निघून जायचं. देवाशी गप्पा कोण मारतं? न्हाव्यानंही भक्तिभावानं माझं डोकं तुळतुळीत करून दिलं. उकाडा होता, मी नको म्हटलं नाही.

अशातच एक दिवस मी बेळगावला पुस्तकं आणायला गेलो आणि संध्याकाळी परत आलो, तर गंगाक्का दारातच उभी.

"एक पावणं आलतं," ती म्हणाली. "काळा कोट, पांढरा रुमाल. लई सभ्य. तुमची चौकशी करत हुतं."

मी पुस्तकांचं गाठोडं खाली ठेवलं. "तुम्ही काय सांगितलं?"

"मी म्हटलं, आसा माणूस सात गावांत घावायचा न्हाय. एकटंच बसत्यात, एकटंच जेवत्यात. ज्याच्यावर जीव त्येच सोडलंया. बाईमाणूस दिसलं की मान खाली."

"आणि?"

"म्हशीचं बी सांगितलं. पावण्याच्या डोळ्यांत पाणी आलं बगा."

गंगाक्काच्या लेखी लग्न जमल्यात जमा होतं. पण मी जैन घरातला. एकटा राहतो, डोंगराकाठी बसतो, आवडीच्या वस्तूवर पाणी सोडलंय, डोक्याचा गोटा, आणि हाताला गुण. याचा आमच्यात एकच अर्थ होतो. पोरगा दीक्षा घेणार! आज ना उद्या घरदार सोडून मुनी होणार. अशा मुलाला कोण आपली मुलगी देईल?

मी त्याच वेळी आप्पांना पत्र लिहायला हवं होतं. लिहायला बसलोही. पण काय लिहायचं? मी साधू नाही, लबाड आहे? तीन कागद फाडले. चौथा लिहून होईपर्यंत आठ दिवस गेले, आणि आठव्या दिवशी सकाळी गंगाक्काच्या दारात बैलगाडी येऊन थांबली.

गाडीतून पहिली उतरली अव्वा. तिनं माझ्या डोक्याकडं पाहिलं आणि टाहो फोडला. आमच्यात मुनी आपल्या हातानं केस उपटतात. "बाबू, उपटलास रं केस?" असं म्हणत तिनं माझं डोकं छातीशी धरलं. तिच्यामागून आप्पा उतरले. त्यांचे डोळे रडवेले होते, पण मिशा कुस्ती मारल्यासारख्या वर. निपाणीकडं बातमी पोचली होती आणि आप्पांनी ऐकताक्षणी गावात साखर वाटली होती. सगळ्यांत शेवटी काळा कोट आणि पांढरा रुमाल उतरला. तवनाप्पा.

तोवर सगळा गाव गोळा झाला होता. तवनाप्पांनी पायताण काढलं, रुमाल सारखा केला, आणि ज्या माणसाच्या पाया मी पडायचं, तो माणूस मला आवरायला वेळ न देता माझ्या पायांवर वाकला.

"माझी पोरगी संसारी जीव हाय, महाराज," ते हात जोडून म्हणाले. "तिला तुमच्या वाटंत आडवी घालायचं पाप मी करनार न्हाय. सोयरीक मोडतोय, राग नसावा."

महाराज! मला महाराज व्हायचं नव्हतं. मला पद्मेशी आमटीबद्दल बोलायचं होतं, आणि समोरून उत्तर यायला हवं होतं. कुणाशी तरी भांडता यावं, कुणीतरी माझी वाट बघत उपाशी बसावं, एवढंच मला हवं होतं. आता गप्प बसलो तर जन्मभर गप्पच बसावं लागेल, हे मला दिसलं.

"मी करवंद कधी खाल्लं न्हाई," मी म्हणालो.

"ठावं हाय, महाराज. सोडल्यापास्नं."

"सोडल्यापास्नं न्हाई. जन्मल्यापास्नं."

मग मी सगळं सांगितलं. रांग, आंबा, पेरू, ऊस, आणि आमच्याकडं करवंद मिळत नाही म्हणून ते सोडलं, तेही. बोलताना मी जमिनीकडं बघत होतो. बोलून झालं तेव्हा माझे कान गरम झाले होते.

पहिली बोलली गंगाक्का. "म्हंजे गोड का आंबट, त्ये बी तुमास्नी ठावं न्हाय?"

"न्हाई."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि मग ते हसू गर्दीच्या टोकापर्यंत गेलं. अव्वा रडता रडता हसायला लागली आणि माझ्या टकलावरून हात फिरवत राहिली. पोरगा लबाड निघाल्याचा एवढा आनंद झालेली आई मी दुसरी पाहिली नाही. आप्पांच्या मिशा खाली आल्या.

"आरं, पर म्या गावात साखर वाटलीया!" ते ओरडले. "आता कुठल्या तोंडानं जाऊ? देवाम्होरं आसली चलाखी?"

"तुमी काय सोडलंतासा?" अव्वानं विचारलं. "गाजर."

आप्पा बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

मी तवनाप्पांकडं पाहिलं. आता काही अडचण उरली नव्हती. मी साधू नव्हतो, नोकरी होती, दोन ताटं होती. तवनाप्पांनी शांतपणे एकेक करून पायताण चढवलं.

"मास्तर," ते म्हणाले (महाराजाचा मास्तर झालो होतो), "तुमी खरं बोललासा, ते बरं केलं. पर देवाम्होरं ज्यानं अशी पळवाट काढली, त्यो माझ्या पोरीम्होरं किती काढंल?"

सकाळी मी नको होतो कारण मी फार चांगला होतो, आणि दुपारी नको होतो कारण तेवढा चांगला नव्हतो. मधल्या वेळात कुठंतरी मी अगदी लग्नाजोगा असणार, पण तो क्षण कुणाच्या लक्षात आला नाही. ते गाडीकडं निघाले तेव्हा मी मागं धावलो आणि म्हणालो, की आता मला करवंद रोज खावंसं वाटतं. वास येतो, सगळे खातात, मी एकटाच राहतो. नेम घेतला तेव्हा खोटा होता, पण आता खरा झालाय. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "मग आता मोडू नका," असं म्हणून त्यांनी गाडीवानाला खूण केली.

अव्वा-आप्पा दोन दिवसांनी गेले. त्या दिवशी जेवणानंतर मी दोन ताटं घासली. वापरलेलं एकच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायला गंगाक्कानं दार वाजवलं. बघतो तर बाहेर निम्मं गाव, पाट्या घेऊन, आणि कुणीही काहीही झाकलेलं नाही.

"चला डोंगराला," गंगाक्का म्हणाली.

"मी कशाला? मला चालत न्हाई, आक्का."

"म्हणूनच. पाटी ज्येच्याकडं द्यावी त्यो निम्मी खातोय. गेल्या साली ह्या बाबानं समदी संपिवली." (बाबा म्हणजे मुंडासंवाला म्हातारा. तो ओशाळून दुसरीकडं बघायला लागला.) "तुमी मोडनार न्हाईसा. भरवशाचं हाईसा."

अशी माझी पाटीवर नेमणूक झाली. गाव तोडायचं, मी मधोमध दगडावर पाटी घेऊन बसायचो. येणारा-जाणारा ओंजळ रिकामी करताना दोन शब्द बोलायचा, करवंदावरून माझी चेष्टा करायचा. पोरं माझ्याजवळ येऊन करवंद धरायची आणि विचारायची, मास्तर, कोंबडा का कोंबडी? मी सांगायचो, ती फोडायची. मी बहुतेक हरायचो. इतकं हरूनही मी त्या उन्हाळ्यात किती सुखात होतो, ते कुणाला सांगून पटायचं नाही.

लग्न राहूनच गेलं. पुढं दोन-तीन ठिकाणी बोलणी निघाली, पण प्रत्येक ठिकाणी करवंदाची गोष्ट माझ्या आधी पोचलेली असायची. पद्मेला चिकोडीकडं दिली असं ऐकलं. वर्षातला दीड महिना मी डोंगरावर माणसांत असतो आणि उरलेले साडेदहा महिने त्या दीड महिन्याची वाट बघतो. यात हसण्यासारखं काही नाही, पण लिहायला बसलोच आहे तर खरं ते लिहितो.

अलीकडं गावातल्या बाया करवंदं विकायला बेळगावच्या कॅम्पात नेतात. सुट्टीच असते, म्हणून मीही त्यांच्याबरोबर जातो. बंगल्यातली एखादी बाई द्रोणाकडं संशयानं बघत विचारते, गोड आहेत का? त्या वेळी गंगाक्का स्वतः उत्तर देत नाही. ती माझ्याकडं बोट करते आणि सांगते, "आमच्या मास्तरांस्नी इचारा. लगीन मोडलं तरी खोटं बोलला न्हाय आसा माणूस हाय." मग मी टोपी सारखी करतो, घसा साफ करतो आणि जाणकाराच्या गांभीर्यानं सांगतो, "मधासारखी." आजवर एकही द्रोण परत आलेला नाही. (मधही आम्ही जैन खात नाही. तो कसा लागतो, मला काय ठाऊक!)